मनीच्या मनातलं

कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. ही वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. आपण घरात शिरलो की कुत्रा अंगावर झेप घेतो. मांजर कपाटावरून एक डोळा उघडतं, बघतं आणि पुन्हा मिटतं. तेवढ्यावरून ते मतलबी ठरतं, त्याची माया दुधापुरती ठरते. मला हा निकाल कधीच पटला नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तोक्योपासून ओरेगनपर्यंतच्या संशोधकांनी मांजरांना शांतपणे न्याहाळून जे टिपून ठेवलंय, ते वाचल्यावर तर तो कुणालाच पटू नये. मांजर जीव लावतं, घाबरतं, माणूस लक्षात ठेवतं. फक्त ते सगळं सांगायला त्याला कानाची एक हालचाल पुरते, नाहीतर शेपटीचं टोक. बघणाऱ्याचं लक्ष हवं.

सहा मिनिटांची परीक्षा

तान्ह्या मुलाला आईचा किती भरवसा वाटतो, हे तपासायची मानसशास्त्रात एक जुनी रीत आहे. अनोळखी खोलीत आई-बाळाला बसवायचं, मग आईने बाहेर जायचं आणि थोड्या वेळाने परत यायचं. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, यावर सगळं ठरतं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन विटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत मांजरीच्या पिल्लांना लावून पाहिली. दोन मिनिटं माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं, पुन्हा दोन मिनिटं माणसाबरोबर. २०१९ मध्ये निकाल छापून आला. सत्तर पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्के ‘सुरक्षित’ गटात बसली. माणूस परत येताच ती त्याच्याकडे गेली आणि मग निवांत होऊन खोली हुंगत फिरायला लागली. उरलेली एकतर माणसाला चिकटूनच बसली किंवा त्याला टाळत राहिली. मोठ्या मांजरांत सुरक्षितांचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास निघालं. आणि माणसाच्या बाळांत? साधारण ६५ टक्के!

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की भरवसा असलेलं मांजर माणसाला धरून बसत नाही. माणूस दिसला, धीर आला, की ते आपल्या उद्योगाला लागतं. आपण बाहेरून येतो, मांजर एकदा पायाला अंग घासतं आणि जाऊन खिडकीत बसतं. ‘झालं, एवढंच याचं प्रेम’ असं म्हणून आपण हिरमुसतो. पण ते खिडकीत निवांत बसू शकतं, कारण आपण घरात आलेलो असतो.

सगळ्यांचं यावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात अ‍ॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांनी २०१५ मध्ये अशाच चाचणीवरून वेगळा निष्कर्ष काढला होता. मोठं मांजर सुरक्षिततेसाठी माणसावर विसंबून नसतं, असं त्यांचं म्हणणं. मांजराला माया नसते, असं मात्र त्यांनीही म्हटलेलं नाही.

आधी खाऊ की आधी माणूस?

विटाले यांच्याच गटाने २०१७ मध्ये मांजरांपुढे चार पर्याय ठेवले: खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास. त्याआधी काही तास त्यांना यातलं काहीच दिलेलं नव्हतं. घरातली मांजरं होती, तशी निवारागृहातलीही होती. निम्म्या मांजरांनी पहिली पसंती दिली माणसाला. खाण्याला पहिली पसंती देणारी होती ३७ टक्के. ‘दुधापुरती माया’ हा शब्दप्रयोग आता निवृत्त करायला हरकत नाही.

ऐकतं सगळं, उठत नाही

“मन्या, ए मन्या!” तिसऱ्या हाकेलाही मन्या ढिम्म. त्याला ऐकू येत नाही का? नाव कळत नाही का?

दोन्ही कळतं. जपानी संशोधक अत्सुको साइतो यांनी याचा छडाच लावला. २०१३ च्या अभ्यासात त्यांनी मांजरांना आधी अनोळखी माणसांच्या हाका ऐकवल्या, मग मालकाची. अनोळखी आवाजांना मांजरं हळूहळू कंटाळली, मालकाचा आवाज आला तशी पुन्हा सावध झाली. म्हणजे आवाज ओळखला. पण उठून आली नाहीत, ओरडली नाहीत. कान वळवले, मान हलवली, बस्स. २०१९ मध्ये त्यांनी नावाची परीक्षा घेतली. मांजराच्या नावाइतकेच लांब, तशाच उच्चाराचे चार शब्द एकामागून एक, आणि मग त्याचं नाव. शब्दांकडे कानाडोळा करणारी मांजरं नावाला बरोबर कान टवकारायची, हाक मारणारा परका असला तरी.

क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागी यांचे प्रयोग याहून भन्नाट आहेत. २०२१ मध्ये त्यांनी मांजराला खोलीत एकटं ठेवून खोलीबाहेरच्या स्पीकरवरून मालकाचा आवाज ऐकवला आणि लगेच तोच आवाज खोलीतल्या स्पीकरवरून. मांजरं चक्रावली. माणूस तर बाहेर होता, आत कधी आला? याचा अर्थ असा, की माणूस दिसत नसतानाही तो कुठे आहे, याचा हिशेब मांजराच्या डोक्यात चालू असतो. आपण स्वयंपाकघरात, मांजर हॉलमध्ये डोळे मिटून, तरी आपला पत्ता त्याच्यापाशी असतो! पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की एका घरात राहणाऱ्या मांजरांना एकमेकांची नावंही ठाऊक असतात. एकीचं नाव ऐकवून पडद्यावर भलत्याच मांजराचा फोटो दाखवला, तर घरातली मांजरं त्याकडे जास्त वेळ टक लावून बघायची.

आणि लाडाची भाषा? ‘कोण गं ती माझी माऊ, कुणी दूध सांडलं गं?’ असं बोलणाऱ्यांना घरचे हसतात. त्यांनी हसू नये. पॅरिसजवळच्या नांतेर विद्यापीठात शार्लोत द मूझों यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की मांजराला हा लाडिक सूर वेगळा कळतो, आणि तोही फक्त आपल्या माणसाच्या तोंडचा. परक्याने तोच सूर लावला तर मांजर दाद देत नाही.

म्याऊ कुणासाठी?

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना म्याऊ क्वचितच करतात. पिल्लू आईला हाक मारताना म्याऊ करतं, आणि मोठं मांजर आपल्याला हाक मारताना. आपापसात त्यांचं काम वास, शेपटी, कान आणि गुरगुरण्यावर भागतं.

आता घुर्रघुर्र. मांडीवर मांजर येऊन बसलं आणि घशातून ती बारीक मोटर सुरू झाली की दिवसभराचा शीण उतरतो. हा आवाज येतो कसा, याचं उत्तर फार वर्षं असं दिलं जायचं की मेंदू स्नायूंना सेकंदाला अनेकदा आवळायला-सोडायला लावतो. २०२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या ख्रिस्तियान हेर्बस्ट यांच्या गटाने, असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रातून नुसती हवा सोडून बघितली. मेंदूची आज्ञा नाही, स्नायूंची हालचाल नाही, तरी घुर्रघुर्र आली! स्वरतंतूंमध्ये मऊ ऊतींच्या गाद्या असतात; त्यांच्यामुळे एवढ्याशा प्राण्याच्या गळ्यातून सेकंदाला २५ ते ३० कंपनांचा खर्जातला आवाज निघू शकतो.

याच घुरघुरण्यात एक मागणीही लपलेली असते. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकॉम्ब यांचा पेपो नावाचा बोका त्यांना रोज सकाळी घुरघुरून उठवायचा, आणि त्या आवाजात झोपून राहणं अशक्य व्हायचं. त्यांनी याचाच अभ्यास केला. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की भुकेल्या मांजराच्या घुर्रघुर्रमध्ये वरच्या पट्टीतला एक सूर मिसळलेला असतो, आणि त्याची पट्टी तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळ जाते. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं, त्यांनाही तो आवाज निकडीचा वाटला.

मांजर घुरघुरतंय म्हणजे खुशीतच आहे, असं मात्र धरून चालू नका. जखमी, वेदनेने कळवळणारं मांजरही घुरघुरतं.

२७६ चेहरे

मांजराचा चेहरा कोरा असतो, असं म्हणणाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या एका कॅट कॅफेत बसायला हवं. तिथे लॉरेन स्कॉट आणि ब्रिटनी फ्लॉर्किविच यांनी ५३ मांजरांचं एकमेकांतलं वागणं चित्रित केलं आणि २०२३ मध्ये मोजदाद मांडली: २७६ वेगवेगळे हावभाव! जवळजवळ निम्मे मैत्रीचे. मैत्रीत कान-मिशा पुढे आणि डोळे मिटलेले. भांडणात कान मागे चपटे, बाहुल्या बारीक, जीभ ओठांवर.

दुखणं लपवण्यात मांजर फार पटाईत. म्हणून माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये वेदना ओळखायची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात पाच गोष्टी बघायच्या: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे आवळलेत का, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेत का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. घरी मांजर असेल तर या पाच गोष्टी पाठच करून ठेवाव्यात अशा आहेत.

आता यातली सगळ्यात गोड युक्ती. मांजराकडे बघत डोळे हळूच अर्धे मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे, मग सावकाश उघडायचे. ससेक्स विद्यापीठातच २०२० मध्ये तास्मिन हम्फ्री आणि मॅकॉम्ब यांनी हे तपासलं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही उलट डोळे मिटायची. अनोळखी संशोधकाने हे करून हात पुढे केला, तर ती त्याच्या हाताकडे जास्त सहज यायची. टक लावून बघणं ही मांजरांच्या जगात धमकी असते. डोळे मिटणं म्हणजे ‘तुझ्यापुढे मला पहारा ठेवायची गरज नाही.’

पटकन काही

उभी शेपटी, टोकाला हलकासा बाक: हा नमस्कार. पिल्लं आईकडे अशीच धावतात.

पायाला गाल घासणं: गालावरच्या ग्रंथींचा वास आपल्याला लावून मांजर आपल्याला आपल्या गोतावळ्यात सामील करून घेतं.

मांडीवर पंजांनी कणीक तिंबणं: दूध पिताना पिल्लू आईच्या पोटावर हेच करतं. मोठेपणी ते आपल्या मांडीवर करतं, म्हणजे त्याने आपल्याला कोणत्या जागी बसवलंय ते बघा.

कुरवाळायचं कुठे? गाल, हनुवटी, डोळे आणि कान यांच्या मधला भाग. लिंकन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात शेपटीच्या बुडाशी हात लावणं मांजरांना सर्वांत नावडतं निघालं, आणि नेमकं तिथेच आपण थोपटत असतो.

तोक्योच्या कृषी विद्यापीठात २०२५ मध्ये तीस मांजरांना नळ्यांमधून वास हुंगायला दिले. परक्या माणसाचा वास त्यांनी मालकाच्या वासापेक्षा जास्त वेळ हुंगला. ओळखीच्याची काय चौकशी करायची!

‘तू सांग, घाबरू की नको?’

इटलीत मिलानच्या संशोधकांनी खोलीत एक पंखा ठेवला, त्याला फडफडणाऱ्या पट्ट्या बांधल्या आणि मांजराला मालकाबरोबर आत सोडलं. २०१५ मध्ये छापलेल्या या प्रयोगात ७९ टक्के मांजरांनी पंख्याकडे बघितलं, मग मालकाच्या चेहऱ्याकडे, पुन्हा पंख्याकडे. लहान मूल नवीन माणूस दिसला की आईकडे बघतं, ते हेच. संकटात मांजर आपला चेहरा वाचतं. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की आपण स्वतः शांत राहणं म्हणूनच महत्त्वाचं.

सूड नाही, धास्ती

पाहुणे आले आणि मांजराने गादीवर घाण केली. घरात रंगकाम निघालं आणि मांजराने खाणं सोडलं. ‘राग काढतंय’ असं सगळे म्हणतात, आणि बिचाऱ्याला फटका बसतो. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की हा सूड नसतो.

ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांच्या गटाने मूत्राशयाचा जुना आजार असलेली आणि ठणठणीत, अशी दोन्ही प्रकारची मांजरं एकत्र पाळून पाहिली. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जेवणाची वेळ चुकली, रोज सांभाळणारा माणूस बदलला, की ठणठणीत मांजरंही उलट्या करायची, खाणं टाकायची, मातीच्या ट्रेबाहेर घाण करायची. दिनक्रम पुन्हा नीट झाला की आजारी मांजरांची लक्षणंही ओसरायची. मनावरचा ताण मांजराच्या थेट पोटात आणि मूत्राशयात उतरतो. घरात गडबड असेल तेव्हा त्याला एक शांत खोली, त्याचं जुनं अंथरूण आणि ठरलेल्या वेळी जेवण द्या. आणि एक-दोन दिवस तोंडात काहीच घेतलं नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं.

सोबती गेल्यावर

घरातलं एक मांजर किंवा कुत्रा गेला की मागे राहिलेल्या मांजराचं काय होतं? अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठाने २०२४ मध्ये चारशेहून अधिक पालकांना हे विचारलं. मागे राहिलेली मांजरं कमी खेळत होती, कमी खात होती, कमी झोपत होती. घरच्यांकडे जास्त लक्ष मागत होती. संशोधकांनी एक सावध शेराही मारला आहे: ज्या पालकांना स्वतःला जास्त दुःख झालं होतं, त्यांना मांजरातही ते जास्त दिसलं. तरीही गेलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा मांजरं झुरताना दिसली, ही गोष्ट मनात घर करून राहते.

आपण त्यांना काय मानलं?

सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. २००४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांच्या मांजराचा अख्खा सांगाडा नीट पुरलेला. बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी त्याच्या पूर्वजांना होडीतून समुद्र ओलांडून नेलं होतं. मांजर पुजणाऱ्या इजिप्तच्या मंदिरांच्या कितीतरी आधी!

लंडनमध्ये अठराव्या शतकात इंग्रजी शब्दकोश रचणारे सॅम्युअल जॉन्सन यांचं हॉज नावाचं मांजर होतं. त्याच्यासाठी कालवं आणायला जॉन्सन स्वतः जायचे. का? नोकराला पाठवलं, तर ‘या मांजरापायी हेलपाटा’ म्हणून तो हॉजवर राग धरेल, ही भीती. मांजराच्या मनाची आणि नोकराच्या मनाची एकदम काळजी करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. गॉफ स्क्वेअरमध्ये त्यांच्या घरासमोर १९९७ पासून हॉजचा पुतळा आहे. शब्दकोशावर बसलेला, शेजारी कालवांचे शिंपले.

आणि दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचा ट्रिम. १७९९ मध्ये जहाजावरच जन्मला, पिल्लू असताना समुद्रात पडला, पोहत येऊन दोर धरून वर चढला. पुढे फ्लिंडर्सबरोबर त्याने ऑस्ट्रेलियाला अख्खी प्रदक्षिणा घातली. फ्रेंचांनी फ्लिंडर्सना मॉरिशसमध्ये कैदेत टाकलं, तिथे ट्रिम नाहीसा झाला. त्या कैदेत फ्लिंडर्सनी आपल्या मांजराचं छोटेखानी चरित्र लिहून काढलं. समुद्राचे नकाशे काढणाऱ्या हाताने!

सात घरं

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. माळ्यावरून जिन्याखाली, जिन्याखालून शेजारच्या बाल्कनीत. सातचा आकडा लोकांचा, पण फिरणं खरं. बोका, कुत्री, माणसांची वर्दळ, यातल्या कशाचाही संशय आला की ती एकेकाची मान दातांत धरते आणि बिऱ्हाड हलवते. तिच्या तोंडात पिल्लू पाय पोटाशी घेऊन अगदी सैल होतं. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी यातून एक सिद्धान्तच मांडला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तो मर्कटन्याय. मांजरीच्या पिल्लाला काहीच धरावं लागत नाही, आईच त्याला उचलते, तो मार्जारन्याय. देवाच्या कृपेबद्दल बोलायला त्या पंडितांना मांजरी आठवली, यात त्यांनी ती किती जवळून पाहिली होती ते दिसतं.

माणसाशी मांजराचं नातं कसं असेल, हे बरंचसं पिल्लूपणाच्या याच दिवसांत ठरतं. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाचा मायेचा हात मिळतो, ती पुढे माणसांत मोकळी राहतात. दुसरीकडे फिनलंडमध्ये हजारो मांजरांची माहिती गोळा करून २०१७ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाने सांगितलं, की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं परक्यांवर जास्त धावून जातात. चौदा आठवडे आईजवळ राहिलेली सगळ्यात स्वस्थ.

तेव्हा पिल्लू घरी आणायचं मनात असेल, तर घाई करू नका. आई बुजणार नाही अशा बेताने अधूनमधून तिथे जा, पिल्लांना हळूच हातात घ्या, आपला आवाज ऐकू द्या. आठ आठवडे तरी, आणि जमलं तर बारा-चौदा, त्यांना आईपाशीच असू द्या. आणि शेवटी एकत्र झोपणारी दोन पिल्लं उरली असतील, तर त्यांची ताटातूट करू नका. दोघांनाही घेऊन या.